उंच ग्लास, सात आठवडे आणि विकासाचे सिद्धांत: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: तुम्ही बालविकासाचा अभ्यासक्रम करताय. मुलांच्या विचाराचे टप्पे मांडणाऱ्या पियाजेचं प्रकरण वाचल्यावर तुम्ही साडेसहा वर्षांच्या मुलीसमोर दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घेतलं, त्यातलं एक उंच, अरुंद ग्लासात ओतलं आणि विचारलं, कशात जास्त आहे? ती म्हणाली, उंच ग्लासात. पुढच्या प्रकरणात बाळाच्या पहिल्या वर्षांतल्या नात्यांवर लिहिणारे एरिक्सन आणि बोल्बी आले आणि तुम्हाला आठवलं, की ती चार महिन्यांची असताना तुम्ही सात आठवडे दवाखान्यात होतात आणि तिला बाबा आणि आजीनं सांभाळलं होतं. आता तुम्ही विचारताय, पहिला टप्पा हुकला म्हणून पुढचा मागे पडतोय का? आणि एवढ्या सिद्धांतांमधला खरा कुठला धरायचा?

ग्लासचं आधी सांगून टाकते. साडेसहाव्या वर्षी असं उत्तर येणं अगदी नेहमीचं आहे, त्यात काळजीचं काही नाही. सात आठवड्यांचं उत्तर जरा लांब आहे, त्यावर पुढे येते. पण तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच समजूत आहे असं मला वाटतं: टप्पे म्हणजे शाळेतल्या इयत्ता, एकीत नापास झालं की पुढच्या वर्गात बसू देत नाहीत. ही समजूत तुमची चूक नव्हे. ती पुस्तकातल्या तक्त्यातून येते. डावीकडे वय, मध्ये टप्पा, उजवीकडे लक्षणं. परीक्षेला फार सोयीचं. मी २२ वर्षं मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करते, आणि सुरुवातीला माझ्याही बाहेरच्या खोलीत असा एक तक्ता लावलेला होता. वाट बघणारे आईवडील तो वाचायचे आणि आत येईपर्यंत आपल्या मुलाची ओळ शोधून घाबरलेले असायचे. शेवटी मी तो काढला.

तक्त्यात एक गोष्ट कधीच नसते: त्या माणसाला मुळात कोणता प्रश्न पडला होता, आणि उत्तर शोधायला त्यानं कोणाकडे, किती वेळ पाहिलं होतं. ते कळलं की कुठला सिद्धांत कुठं उपयोगी पडेल आणि कुठं त्याचा हात सोडायचा, हे बरंचसं आपोआप कळतं.

पियाजेचंच बघा. हा माणूस मूळचा प्राणिशास्त्रज्ञ, गोगलगाई-शिंपल्यांच्या वर्गातल्या मृदुकाय प्राण्यांवर डॉक्टरेट केलेला. १९१९ च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याला मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या प्रमाणित करायचं काम मिळालं. काम असं, की बरोबर उत्तरं मोजायची. त्याचं लक्ष गेलं चुकीच्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं एकाच प्रकारे चुकत होती, आणि ‘का?’ विचारलं की त्यांच्याकडे कारण तयार असायचं. मूल कमी जाणतं असं नाही, त्याचं तर्कशास्त्रच वेगळं आहे, हा त्याचा शोध. बाकीचं सगळं, म्हणजे दोन वर्षांपर्यंत इंद्रियं आणि हालचालींतून शिकणं, सातपर्यंत दिसेल तेच खरं मानणं, अकरापर्यंत प्रत्यक्ष वस्तूंच्या आधारे तर्क करणं आणि त्यापुढे अमूर्त विचार, हे त्या एका निरीक्षणाभोवती बांधलेलं आहे.

टप्प्यांचा क्रम बदलत नाही, असा त्याचा आग्रह होता. वयं मात्र तो अंदाजाची मानायचा. ती मागेपुढे होतात हे त्यानंच लिहून ठेवलंय. शिवाय ‘आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं’ ही जाण एका दिवसात येत नाही. संख्येबाबत ती सहा-सातच्या आसपास येते, मातीच्या गोळ्याबाबत सात-आठला, त्याच गोळ्याच्या वजनाबाबत नऊ-दहाला, आणि तो पाण्यात किती जागा व्यापेल याबाबत आणखी उशिरा. म्हणजे एकच मूल एकाच आठवड्यात एका बाबतीत पुढच्या टप्प्यावर आणि दुसऱ्या बाबतीत मागच्या टप्प्यावर असतं. मग त्याला तक्त्याच्या कुठल्या रकान्यात बसवणार?

आता तुम्ही प्रयोग कसा केलात ते आठवून बघा. पाणी ओतण्याआधी तुम्ही विचारलं असणार, ‘दोन्हींत सारखं आहे ना?’ ती ‘हो’ म्हणाली. मग ओतलं आणि पुन्हा विचारलं. मोठ्या माणसानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं, आता बदलायला हवं. वर्गात रोज हेच होतं. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी सहा वर्षांच्या मुलांना प्रश्न फक्त एकदाच, बदल केल्यानंतर, विचारला, तेव्हा चुका कमी झाल्या. त्याच वर्षी मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तर गंमत केली. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या आणि त्यातली एक रांग प्रयोग घेणाऱ्यानं न बदलता एका खट्याळ टेडीनं येऊन विस्कटली. मोठ्या माणसानं रांग बदलली तेव्हा बहुतेक मुलं चुकली होती. टेडीनं ‘खोडी’ केली तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी संख्या तेवढीच आहे हे ओळखलं. मुलं सोंगट्यांबरोबर समोरच्या माणसाचा हेतूही वाचत होती.

तान्ह्या बाळांबाबतही पियाजेचा अंदाज कमी ठरला. त्याच्या मते लपवलेली वस्तू बाळ शोधू लागतं ते आठ-नऊ महिन्यांनंतर, म्हणून नजरेआड झालेली वस्तू ‘आहे’ ही जाण त्याआधी नसते. पण शोधायला हात लागतात, आणि हात उशिरा तयार होतात. रेने बेयार्जाँ आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हातांऐवजी नजर मोजली. एक पडदा मागे कलंडतो आणि मागे ठेवलेल्या ठोकळ्याला न अडता आरपार जातो, असं अशक्य दृश्य पाच महिन्यांच्या बाळांना दाखवलं. ती त्याकडे जास्त वेळ बघत राहिली. या जास्त बघण्याचा अर्थ नेमका काय, यावर अजूनही वाद आहेत. पियाजे मोडीत निघाला असं मी म्हणणार नाही. त्याच्या वयांवर मी विसंबत नाही, त्याच्या ‘का?’वर विसंबते. ‘उंच ग्लासात जास्त, कारण पाणी वर गेलं’ असं सांगणाऱ्या मुलीनं एक नियम लावलाय, अजून एकच बाजू बघून. रुंदी तिच्या हिशेबात यायची आहे.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की याच कारणासाठी मला पियाजेच्या शेजारी ठेवावासा वाटतो. दोघे १८९६ सालचेच, जेमतेम तीन महिन्यांच्या अंतरानं जन्मलेले. पियाजेला ८४ वर्षांचं आयुष्य मिळालं, वायगॉट्स्की १९३४ मध्ये क्षयानं गेला तेव्हा ३७ वर्षांचा होता. त्याचा प्रश्न निराळा होता: मूल एकटं काय करतं हे ठीक, पण कोणी थोडी मदत केली तर काय करू शकतं? या दोन्हींमधल्या पट्ट्याला तो विकासाचं निकटचं क्षेत्र म्हणतो, आणि शिकणं घडतं ते तिथं. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी मदत करण्याच्या या पद्धतीला परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहीपर्यंत परांची लागते, मग ती काढतात. काढतात हा भाग पालक हमखास विसरतात, आणि त्याबद्दल माझी थोडी तक्रारही आहे.

मूल खेळताना स्वतःशी बोलतं, ‘आता हे इथे, नाही नाही, तिकडे’, हे तुम्ही पाहिलं असेल. पियाजेला त्यात दुसऱ्याचा दृष्टिकोन घेता न येणारं, स्वतःपुरतं बोलणं दिसलं. वायगॉट्स्की म्हणाला, हे विचार करण्याचं साधन आहे. पुढे ते नाहीसं होत नाही, आत जातं. पियाजेनं हे आक्षेप कित्येक वर्षांनी, वायगॉट्स्की गेल्यानंतर वाचले आणि १९६२ मध्ये त्यातला बराच भाग मान्य केला. माझ्या कामात याचा थेट उपयोग होतो. कोणतंही कोडं मी मुलाला दोनदा देते, आधी एकट्याला, मग एका सूचनेसह. दोन मुलं एकट्यानं सारखीच अडतात, पण एक जण सूचना मिळताच सुटतो आणि दुसरा तिथंच राहतो. नुसत्या गुणांत ही दोघं सारखीच दिसली असती, आणि त्यांना लागणारी मदत मात्र पूर्ण वेगळी आहे.

आता ते सात आठवडे. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न हाच होता; ग्लास निमित्त झाला.

एरिक्सननं १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले आणि पहिल्या वर्षाला ‘विश्वास विरुद्ध अविश्वास’ असं नाव दिलं. त्यातल्या ‘विरुद्ध’ या शब्दानं फार गोंधळ घातलाय. वाचणाऱ्याला वाटतं, एक जिंकतो आणि दुसरा हरतो. एरिक्सनच्या मनात पारडं होतं. विश्वास जड हवा, पण थोडा अविश्वासही हवाच. तो मुळीच नसेल तर मूल कोणाच्याही मागे जाईल. शिवाय जुना प्रश्न पुढच्या प्रत्येक टप्प्यावर नव्यानं समोर येतो, असंही त्याचं म्हणणं होतं. (‘मी कोण?’ या स्वतःच्या ओळखीच्या पेचाला नाव देणाऱ्या या माणसाला आपले खरे वडील कोण हे कधी कळलं नाही, आणि त्यानं आपलं आडनाव स्वतः निवडलं. सिद्धांत माणसाच्या आयुष्यातूनही येतात.) पण हेही लक्षात घ्या, की एरिक्सनची मांडणी प्रयोगातून आलेली नाही. ती सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्या एका चिकित्सकाची आहे. तिच्यावरून अमुक आठवड्यांच्या दुराव्यानं अमुक नुकसान होतं असं गणित मांडता येत नाही.

बोल्बीचं प्रकरण जास्त टोचतं, हे मी समजू शकते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यानं १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालात आईपासून दुरावलेल्या मुलांबद्दल फार ठाम विधानं आहेत. पण ती मुलं कोण होती? बरीचशी अनाथालयांतली, लांब मुदतीसाठी दवाखान्यांत ठेवलेली, युद्धात घर गमावलेली. त्यांच्या आयुष्यातून फक्त आई गेली नव्हती. त्यांना उचलून घेणारं, ओळखीचं असं एकही माणूस उरलं नव्हतं. मायकेल रटर या बालमानसोपचारतज्ज्ञानं १९७२ मध्ये हीच गाठ सोडवली. दुरावा वेगळा, आणि नातं कधी जुळूच न देणं वेगळं; दुराव्यात मूल कोणाजवळ होतं यावर पुष्कळ काही ठरतं. तुमच्या मुलीजवळ बाबा आणि आजी होती.

आणखी एक गोष्ट. विशिष्ट माणसाची घट्ट ओढ, तोच हवा, दुसरा नको, ही बाळांत दिसू लागते ती साधारण सात-आठ महिन्यांच्या आसपास. तुम्ही आजारी होतात तेव्हा ती चार ते सहा महिन्यांची होती. शिवाय शॅफर आणि एमर्सन यांनी ग्लासगोमधल्या ६० बाळांचा पाठपुरावा करून १९६४ मध्ये दाखवलं, की दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांची ओढ एकाहून जास्त माणसांशी जुळलेली असते.

खरं, खोल नुकसान कसलं असतं हे कळावं म्हणून एक उदाहरण देते. रुमानियात १९८९ नंतर जी मुलं अनाथालयांतून बाहेर काढून ब्रिटनमध्ये दत्तक दिली, त्यांचा रटर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथं उपासमार होती, स्पर्श नव्हता, बोलणारं कोणी नव्हतं. त्यातही सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं पुढे बहुतांशी सावरली. जास्त काळ आत राहिलेल्यांतल्या बऱ्याच जणांच्या अडचणी टिकून राहिल्या. म्हणजे पहिल्या वर्षांना महत्त्व आहे, हे बोल्बीचं म्हणणं खोटं नाही. पण तुमचे सात आठवडे आणि ती अनाथालयं एकाच मापानं मोजायची नसतात.

मेरी एन्सवर्थची प्रसिद्ध ‘अनोळखी परिस्थिती’, म्हणजे बाळाचं आईशी नातं कसं आहे हे बघणारा प्रयोग, तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. वीसेक मिनिटांत आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. मूल किती रडलं हे तिथं मुख्य नाही. आई परतल्यावर ते तिच्याकडे कसं वळतं आणि किती लवकर शांत होऊन पुन्हा खेळायला लागतं, हे बघायचं असतं. एन्सवर्थनं आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये मुलांच्या घरी जाऊन तासन्‌तास निरीक्षणं केली होती. त्या निरीक्षणांमुळेच या वीस मिनिटांना अर्थ आला. आज लोक ती वीस मिनिटं उचलतात आणि घरं विसरतात. त्यावरून ठरवलं जाणारं सुरक्षित-असुरक्षित हे वर्णनही नात्याचं आहे, मुलाचं नाही. एकाच मुलाचं आईशी एक आणि वडिलांशी दुसरं असू शकतं, आणि घरातली परिस्थिती बदलली की तेही बदलतं.

फ्रॉइडबद्दल दोनच वाक्यं. बालपणाचे टप्पे त्यानं मुख्यतः मोठ्या माणसांच्या आठवणींवरून रचले. मुलावरचा त्याचा गाजलेला अभ्यास, १९०९ मधला, बराचसा त्या मुलाच्या वडिलांनी कळवलेल्या माहितीवर उभा आहे. परीक्षेला टप्पे पाठ करा, पण मुलीकडे बघताना ते बाजूला ठेवा. बालपण पुढच्या आयुष्यावर सावली टाकतं, एवढी त्याची गोष्ट पुरे. कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या सहा पायऱ्याही अशाच जपून वापरा. त्याचा मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर होता, आणि १९८२ मध्ये कॅरल गिलिगननं त्यावर बोट ठेवलं, की न्यायाच्या भाषेशेजारी काळजीची भाषाही असते. बांदुराचा १९६१ चा फुगीर बाहुलीचा प्रयोग मात्र मी पालकांना आवर्जून सांगते, कारण मारणाऱ्या मोठ्या माणसाला बघितलेली मुलं तसंच मारतात हे ऐकून घरातला आवाज थोडे दिवस तरी खाली येतो.

इथपर्यंत सगळे सिद्धांत ‘मूल’ असं एकवचनात बोलत होते. प्रत्यक्षात माझ्यासमोर येतं ते एक विशिष्ट मूल, आणि तिथं बरंच काही परिस्थितीवर ठरतं. थॉमस आणि चेस या दांपत्यानं १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला आणि स्वभावाचे तीन प्रकार मांडले: सोपी, अवघड आणि हळूहळू रुळणारी. पुस्तकं हे तीन प्रकार छापतात. पण सुमारे ३५ टक्के मुलं यांतल्या कुठल्याच प्रकारात बसली नाहीत, हे क्वचित छापतात. त्यांची खरी मोलाची कल्पना वेगळी आहे: स्वभाव आणि भोवताल यांचा मेळ बसतो की नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा आला होता. वर्गात तोंड उघडत नाही, म्हणून ‘विकास मागे’ अशी चिठ्ठी. मी दोन आठवडे त्याच्याशी फक्त ठोकळे लावले. तिसऱ्या आठवड्यात तो बोलायला लागला तो थांबेना. हळू रुळणारा मुलगा आणि पहिल्या दिवसापासून उत्तर मागणारा वर्ग, एवढंच होतं ते. सांगायला हवं, की असाच दिसणारा दुसरा एक मुलगा होता, आणि त्याला नीट ऐकूच येत नव्हतं. मी त्यालाही आधी स्वभावाच्या खात्यात टाकलं होतं आणि महिना वाया घालवला. तेव्हापासून कान आणि डोळे तपासून झाल्याशिवाय मी कुठलाही सिद्धांत उघडत नाही.

मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनर म्हणायचा, की विकासाचं मानसशास्त्र म्हणजे अनोळखी जागी, अनोळखी मोठ्या माणसासमोर, अगदी थोडा वेळ मुलं किती विचित्र वागतात याचा अभ्यास होऊन बसलंय. म्हणून १९७९ मध्ये त्यानं मुलाभोवतीची वर्तुळं मांडली: घर आणि शाळा, त्या दोघांचं एकमेकांशी असलेलं नातं, आईवडिलांची नोकरी, त्याहून बाहेरचा समाज. तुमचा आजार, तेव्हा बाबांना मिळालेली किंवा न मिळालेली रजा, आजीची तब्येत, तुम्ही घरी परतल्यावर थकलेल्या असताना तुम्हाला कोणी हात दिला का, हे सगळं त्या वर्तुळांत येतं. तुम्ही माझ्यासमोर असतात तर मी ग्लासबद्दल एकही प्रश्न न विचारता एवढंच विचारलं असतं.

मुलीबद्दल विचारलं असतं ते असं: लागलं, घाबरली, तर ती कोणाकडे धावते, आणि तिथं शांत होते का? अनोळखी माणसाकडे जाण्याआधी तुमच्याकडे एकदा वळून बघते का? दुसऱ्या मुलांशी खेळताना भांडण होऊन पुन्हा खेळ सुरू होतो का? बोलणं, झोप, खाणं यांत आधी असलेलं काही अलीकडे गेलं आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, किंवा ती दुखल्यावरही कोणाकडेच जात नसेल, किंवा दिसेल त्या परक्याच्या कडेवर जात असेल, तर वाट न बघता प्रत्यक्ष तज्ज्ञाला भेटा. तुम्ही जे लिहिलंय, त्यात ती शाळेत जाते, तिला दोन मैत्रिणी आहेत आणि रात्री गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही. लांबून ठाम बोलू नये, पण या वर्णनात मला अडचण दिसत नाही.

काळजी मला तुमची थोडी वाटते. ते सात आठवडे तुम्ही अजून मनात मोजताय. त्याबद्दल कोणाशी तरी, समुपदेशकाशी किंवा घरात, बोललात तर बरं होईल. मुलीसाठी नव्हे, तुमच्यासाठी.

आणि ग्लासचा प्रयोग पुन्हा करावासा वाटला, तर या वेळी तिलाच ओतू द्या. आधी काही विचारू नका. ओतून झाल्यावर एकदाच विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी ‘का गं?’ म्हणा. मग ते पाणी परत पहिल्या ग्लासात ओतायला सांगा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघा.